जागाबदल

आमच्या गॅरेजात एक नियम आहे. तो कुठे लिहून ठेवलेला नाही, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणालाही विचारा, सांगेल. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की आधी बॉनेट उघडायचं नाही. आधी जागा बदलायची.

म्हणजे असं, की गिऱ्हाइकाने आपली गाडी आपण चालवायची आणि मामांनी डावीकडे बसायचं. केर्लीच्या फाट्यावरून जोतिबाच्या डोंगराकडे वर निघायचं. निम्म्या वाटेवर, जिथे कठड्यापलीकडे पन्हाळा दिसतो, तिथे थांबायचं. दोघांनी उतरायचं, गाडीला वळसा घालायचा आणि जागा बदलून पुढचा रस्ता मामांनी गाडी चालवायची. मामांच्या हातातही खोट राहिली तर ती गाडीची. नाहीशी झाली तर वर पोचल्यावर मामा गाडी बंद करणार, किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात ठेवणार आणि म्हणणार, "गाडी बरी हाय. आता तुमी बोला."

आणि लोक बोलायचे. एका साखर कारखान्याच्या संचालकांची गाडी सारखी डावीकडे ओढत होती. सगळी गॅरेजं पालथी घालून ते आमच्याकडे आले होते. वर पोचल्यावर निष्पन्न झालं, की साहेबांच्या मागच्या खिशात उशीएवढं पाकीट असतं आणि ते बारा महिने त्याच्यावर तिरके बसतात. एकाच्या गाडीला पिकअप नव्हता. त्याचं बायकोशी भांडण झालं होतं आणि त्याला घरीच लवकर पोचायचं नव्हतं. अशा गोष्टी मामांनी बाहेर कधी सांगितल्या नाहीत. मला आणि मोहसीनभाईंना सांगितल्या, पण ते बाहेर धरत नाहीत.

मामा म्हणजे माझे सासरे, सर्जेराव इंगवले. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. मी सानिका. लग्न करून या घरात आले तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती, यायचं काही कारणच नव्हतं. माझ्या वयाच्या लोकांच्या गाड्या आपल्या आपण चालतात. लोक आत बसून झोपतात, जेवतात, भांडतात आणि पोचल्यावर उतरतात. हाताने चालवायची गाडी ठेवणारे आता हौशी तेवढे उरलेत. त्यांना वेगळा परवाना लागतो, त्याची दर वर्षी परीक्षा होते आणि लोक त्यांच्या गाड्यांना हातगाड्या म्हणतात. मामांना तो शब्द अजिबात खपत नाही. पण आमचं पोट या हातगाड्यांवरच चालतं. कुणाला सायलेन्सरचा आवाज बदलून हवा असतो, कुणाला गाडी जमिनीला टेकवायची असते, कुणाला चाकं मोठी हवी असतात, कुणाला मागे पंख. लोकांना आपल्या गाडीकडे रस्त्यावर माना वळलेल्या आवडतात, आणि ते आम्ही करून देतो.

माझा नवरा निनाद कॉलेजात गणित शिकवतो आणि गाडीत बसला की रंकाळा यायच्या आत घोरायला लागतो. मामांनी त्याला शिकवायचा नाद सोडला आणि मला धरलं. क्लच कुठे सोडायचा इथपासून ते डोळे मिटून सायलेन्सरच्या आवाजावरून इंजिनाची तब्येत ओळखण्यापर्यंत सगळं त्यांनी शिकवलं. "लेकाला जमलं न्हाई, सुनंला जमलं," असं ते भेटेल त्याला सांगत. मला त्याची लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा.

मामांची स्वतःची एक गाडी आहे. तांबडी, दोन माणसांची, बसकी. मूळची पेट्रोलवर चालणारी. पुढे मामांनी तिचं इंजिन उसाच्या इथेनॉलवर आणलं आणि तेव्हापासून ती सुरू केली की मागून गुऱ्हाळासारखा गोडसर वास येतो. गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतर मामांनी जाहीर केलं, की येत्या जानेवारीत गगनबावड्याच्या घाटातल्या चढाईत ते ही गाडी उतरवणार. ही चढाई हातगाड्यांची असते. एकेक गाडी सोडतात, घाट चढून वर कमीत कमी वेळात जो पोचेल तो पहिला. आत्तींच्या आजारपणापासून मामांनी चढाई सोडली होती. आता एकदा, शेवटचं, म्हणाले. आणि गाडी मऊ पडलीय, तिला नव्यानं तयार करायची, असंही म्हणाले.

मऊ पडलीय म्हणजे काय, हे सांगायचं तर आधी 'सराव' म्हणजे काय ते सांगायला हवं.

जुन्या गाड्यांत स्टीअरिंगपासून चाकांपर्यंत लोखंडी दांडा असायचा. आता तिथे नुसती तार असते. हात किती वळला ते तार चाकांना सांगते, आणि रस्ता कसा आहे ते स्टीअरिंगमागची एक छोटी मोटर हातांना सांगते. शॉकअपमध्ये तेल असतं आणि त्या तेलात पिठीसारखी बारीक लोखंडाची पूड. भोवतीच्या वेटोळ्यातून वीज सोडली की ते तेल दह्यासारखं घट्ट होतं, वीज काढली की पुन्हा पातळ, आणि हे डोळ्याचं पातं लवायच्या आत. मोटर, शॉकअप, ब्रेक या सगळ्यांवर एक छोटा संगणक नजर ठेवून असतो. तो रस्त्यापेक्षा चालवणाऱ्याकडे जास्त बघतो. तुम्ही वळणाच्या किती आधी ब्रेक मारता, खड्डा दिसल्यावर दचकता की नाही, डावा हात किती दाबता. महिना-दोन महिन्यांत तो तुम्हाला ओळखायला लागतो आणि गाडी तुमच्या अंगावर बेतून शिवल्यासारखी चालायला लागते. या शिकलेल्या गोष्टीला आम्ही सराव म्हणतो.

सरावाला एकच गोष्ट कळते, चालवणाऱ्याला त्रास होऊ द्यायचा नाही. धक्का आला की तितकाच उलटा धक्का द्यायचा, म्हणजे दोन्ही मिटून जातात. गोंगाट बंद करणारी कानातली यंत्रं याच तत्त्वावर चालतात, तिथे आवाजाला उलटा आवाज असतो. रस्ता हातापर्यंत पोचेनासा झाला, की मामा म्हणतात गाडी मऊ पडलीय. हे सगळं गाडी मुकाट्याने करते. ती कुणाला काही विचारत नाही आणि कुणाला काही सांगत नाही.

घाटाच्या चढाईत सराव बंद ठेवावा लागतो. चढायचं माणसाने, असा तिथला कायदा आहे. शिवाय चाकं किंवा शॉकअप बदलले की जुना सराव पुसून टाकायची सगळ्याच गॅरेजांची रीत आहे, कारण तो जुन्या चाकांवर शिकलेला असतो. पुसण्याआधी मी त्याची एक प्रत काढून ठेवते. ती कधी लागत नाही, पण फेकून द्यायचा माझा स्वभाव नाही.

तर आम्ही कामाला लागलो. सायलेन्सर नवा केला, स्टीलच्या नळ्या वळवून, मधे एक झडप बसवून. शहरात झडप बंद असली की गाडी मांजरासारखी गुरगुरते, आणि घाटात उघडली की आवाज छातीत भरतो. शॉकअप बदलून गाडी चार बोटं खाली घेतली. चाकं ओतीव होती ती काढून ठोकून घडवलेली घातली, निम्म्या वजनाची. ती रुंद असल्यामुळे मडगार्डही रुंद करावे लागणार होते, ते काम मोहसीनभाईंचं. मोहसीन मुल्लाणी आमच्याकडे बॉडीचं काम बघतात, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून. ते आधी शाडूच्या मातीत आकार काढतात, त्यावर हात फिरवून बघतात आणि समाधान झालं तरच फायबर घालतात. मागचा पंख त्यांनी मोडून पुन्हा केला, कारण म्हणे वारा त्याच्यावरून जाताना अडखळेल. वारा अडखळेल हे त्यांना हाताने कसं कळतं, ते मी विचारलं नाही. गाडी तयार झाली तेव्हा शेजारच्या फाउंड्रीतले लोक काम टाकून बघायला आले.

मामा एकटेच फेरी मारायला गेले आणि परत आले. स्टीअरिंग थरथरतंय, म्हणाले.

मी चाकांचं बॅलन्सिंग पुन्हा केलं. थरथर गेली नाही. अलाइनमेंट केलं, बुश बदलले, टाय रॉड बदलले. मामा फेरी मारून यायचे आणि मान हलवायचे. मी स्वतः गाडी घेऊन गेले. मला काही जाणवलं नाही. परत येऊन तसं सांगितलं तर मामा हसले, आणि म्हणाले की तुझ्या हाताला कळायला अजून वेळ हाय. मला ते पटलं. या ठिकाणी कुणी शहाणं माणूस मला विचारील, की अगं, एकाच्या हातात थरथर आहे आणि दुसऱ्याच्या हातात नाही, तर तुमचा तो नियम कुठे गेला होता? पण नियम गिऱ्हाइकांसाठी होता. मामा तर नियम करणारे. त्यांच्या हाताला जे कळतं ते माझ्या हाताला कळत नाही, एवढंच मी धरून चालले आणि बरी असलेली गाडी पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसले.

एका दुपारी मामा जेवायला घरी गेले होते. मी सहज म्हणून जुन्या सरावाची प्रत उघडली. आधी ही गाडी इतकी गुळगुळीत कशी चालत होती, ते बघावं म्हटलं.

त्यात थरथर होती. नव्या चाकांच्या कितीतरी आधीपासून होती, आणि सराव तिला रोज उलटा धक्का देऊन मिटवत होता. मला वाटलं, जुनीच खोट सापडली. मग मी नीट बघितलं. चाक बॅलन्समध्ये नसलं तर वेग वाढेल तशी थरथर जलद होते, कारण ती चाकाच्या फिरण्याची असते. गॅरेजात आलेल्या नव्या माणसाला आम्ही हे पहिल्याच दिवशी सांगतो. ही थरथर वेगाला दाद देत नव्हती. गाडी गल्लीत असो की हायवेवर, तिची लय तीच, सेकंदाला पाचेक वेळा. आणि सिग्नलला गाडी उभी असतानाही ती होतीच. उभ्या गाडीची चाकं थरथरत नाहीत.

मी आणखी मागे गेले. जवळजवळ दोन वर्षांपूर्वी ती सुरू झाली होती, अगदी बारीक, फक्त उजव्या हाताच्या बाजूने, आणि हळूहळू वाढत आली होती. आणखी एक गोष्ट होती. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून ब्रेकवर ठेवायला मामांना आता वेळ लागत होता. फार नाही, पण घाटातल्या वळणावर पुरेल एवढा. तेही गाडीने शिकून घेतलं होतं. पाय उचलला की मामांची वाट न बघता ती स्वतःच ब्रेक लावायला सुरुवात करायची. परवान्याची परीक्षा आपल्याच गाडीवर द्यायची असते, त्यामुळे मामा दोन्ही वर्षं चांगल्या गुणांनी पास झाले होते.

मग मला बाकीचं दिसायला लागलं. मामांना हल्ली अर्धाच कप चहा लागतो म्हणून आत्ती कुरकुरायच्या. मामांनी सदरे सोडून बिनबटणांचे टी-शर्ट घालायला सुरुवात केली तेव्हा निनाद त्यांना चिडवायचा, की उतारवयात फॅशन सुचली. बारीक स्क्रू ते मोहसीनभाईंकडे सरकवायचे आणि चष्म्याला नावं ठेवायचे. आम्ही सगळे हसलो होतो. मी तिथेच टूलबॉक्सवर बसून रडले. राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. गाडीवर काढावा तर तिने दोन वर्षं माझ्या सासऱ्यांना जपलं होतं, आणि मी रोज त्यांच्यासमोर उभी राहून काही बघितलं नव्हतं.

निनादला सांगितलं. डॉक्टरकडे न्यायला हवं, म्हणाला, पण बाबांना हे सांगणार कोण, माझं तर ते पावसाबद्दलसुद्धा ऐकून घेत नाहीत. मी म्हटलं, जुना सराव परत घालता येईल, मामांना गाडी लगेच बरी वाटेल. पण चढाईत तो बंद करावाच लागणार, आणि घाटात एका बाजूला दरी आहे. मग गाडीच बिघडव, निनाद म्हणाला. यंदाची चढाई हुकू दे, मग निवांत बोलू.

मला तो मार्ग सोपा वाटला. मी मामांना सांगितलं, की स्टीअरिंगच्या मोटरमध्येच दोष आहे, नवी चेन्नईहून यायची आहे, चढाईपर्यंत येणार नाही. मामांनी ऐकून घेतलं आणि मोटर काढायला लावली. स्वतः कानाला लावून फिरवून बघितली. मोटर ठीक आहे, म्हणाले. त्यांच्या कानाला फसवणं मला जमणार नव्हतं, हे मला आधीच कळायला हवं होतं. मग मोटर नाही, चाकं नाहीत, बुश नाहीत, तर उरलं काय? उरले मोहसीनभाईंचे मडगार्ड. मामा सगळ्यांसमोर म्हणाले, की मडगार्ड वारा धरताहेत, मोहसीनचा हात आता पूर्वीचा राहिला नाही.

मोहसीनभाईंनी शाडूची बादली धुतली, आपली हत्यारं पिशवीत भरली आणि मामांना सलाम करून निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. फोन केला तर त्यांच्या बायकोने सांगितलं, की ते घरी बसून सारखे स्वतःचे हात बघताहेत. ते ऐकलं आणि माझं मलाच वाईट वाटलं. एका माणसाचे हात झाकायला मी दुसऱ्याच्या हातांवर बोल येऊ दिला होता.

बुधवारी सकाळी मी मामांना म्हटलं, मला थरथर दाखवा, मी डावीकडे बसते. ते लगेच उठले. जोतिबाला रविवारी गर्दी असते. बुधवारी रस्ता मोकळा होता. केर्लीचा फाटा मागे पडला, मामांनी झडप उघडली आणि गाडीचा आवाज डोंगराला लागून परत आला. वळणावर गाडीचं नाक बारीक हललं. मी त्यांच्या हातांकडे बघत होते.

"बघ, आता बघ," मामा म्हणाले. "कळतंय का?"

"कळतंय, मामा."

"म्हंजे माझा भास न्हवता." त्यांचा चेहरा उजळला. इतके दिवस आपल्यालाच काहीतरी वाटतंय की काय, अशी धास्ती त्यांनी घेतली असावी. मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

कठड्याची जागा आली. मी थांबायला सांगितलं. समोर पन्हाळा उन्हात स्वच्छ दिसत होता.

"मामा, जागा बदलूया."

ते हसले. "मी काय गिऱ्हाईक हाय व्हय?"

मी माझ्या बाजूचं दार उघडलं. हसू त्यांच्या तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग गेलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग स्टीअरिंगवरच्या आपल्या हातांकडे. त्यांना ओरडायचं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. पण त्यांनी दार उघडलं, उतरले आणि गाडीच्या पुढून वळसा घालून आले. मधे एकदा त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मी त्यांच्यासाठी डावं दार धरून उभी राहिले. माझ्या आठवणीत आपल्याच गाडीत ते डावीकडे पहिल्यांदा बसत होते.

मी गाडी वर नेली. इतकं वाईट वाटत असतानाही एक गोष्ट नाकारता येत नाही, की गाडी सुरेख चालत होती. नव्या चाकांनी रस्ता धरला होता, वळणावर ती झुकत नव्हती, आणि मागच्या पंखावरून वारा कुठेही न अडखळता जात होता. मामांनी डोळे मिटून घेतले होते. गिऱ्हाइकाच्या गाडीत बसून ते असेच ऐकायचे. देवळाची शिखरं दिसायला लागली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

वर पोचून मी गाडी बंद केली. आता किल्ली त्यांच्या हातात ठेवायची होती. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा बोटांवर हलत होता, तंबाखू मळतात तसा. मामांनी आयुष्यात तंबाखू खाल्लेला नाही. मी किल्ली पुढे केली आणि ती त्यांनी डाव्या हाताने घेतली.

"गाडी बरी हाय," मामा म्हणाले.

पुढचं वाक्य ते बोलले नाहीत. ते मलाच बोलायला लागलं. "आता तुमी बोला, मामा."

एक बाई नारळाची पाटी घेऊन गाडीजवळ आली, आत बघितलं आणि काही न विचारता निघून गेली.

"दाढी करताना कळलं होतं," मामा म्हणाले. "आत्तीला सांगितलं न्हाई. म्हटलं, दमलो असंन, झोप लागंना म्हणून असंल. पर गाडीत बसलो की थांबायचं बघ. स्टीअरिंग धरलं की हात एकदम पैल्यासारखं. मग म्हटलं, खरंच काय असतं तर गाडीत बी झालं असतं की. म्हणून तर रोज काढत हुतो."

मी त्यांना सराव काय करत होता ते सांगितलं. सगळं सांगितलं, पायाचंही, मोटरबद्दल मी खोटं बोलले तेही. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता ते मला रागावतील, किंवा रडतील. त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला आणि तो थरथरताना नीट बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"दोन वर्सं," ते म्हणाले. "लई माया केली गाडीनं. पर सांगाया पायजे हुतं."

ते गाडीला म्हणाले की मला, हे मी अजून विचारलेलं नाही. खाली येताना गाडी मीच चालवली. गॅरेजकडे वळणार तेवढ्यात मामा म्हणाले, आधी मोहसीनकडे चल. ते एकटेच आत गेले. काय बोलले माहीत नाही, पण बाहेर आले तेव्हा मोहसीनभाई मागे पिशवी घेऊन होते आणि दोघांचेही डोळे लाल होते. मामा त्यांना सांगत होते, की मडगार्ड, पंख, सगळं झकास झालंय, मी आत्ताच ऐकून आलो.

डॉक्टरांनी रोगाला नाव दिलं, कंपवात. मेंदूतला एक रस कमी होत जातो, तो गोळ्यांनी थोडाफार भरून काढता येतो, रोग बरा होत नाही पण पुष्कळ वर्षं आटोक्यात राहतो. मामा दोन वर्षं आधी आले असते तर व्यायामाला लवकर लावलं असतं, म्हणाले. आत्तींनी घरी येऊन मामांना भरपूर सुनावलं आणि दुसऱ्या दिवसापासून चहा मोठ्या पेल्यात, अर्धा भरून द्यायला लागल्या, म्हणजे सांडायला जागा राहील. परवाना आकसला. दिवसाउजेडी, शहराबाहेर, सराव चालू ठेवून, एवढ्यापुरताच राहिला.

चढाईला गाडी गेली. मी चालवली. मामा खाली सुरुवातीच्या रेघेजवळ उभे होते आणि सायलेन्सरच्या आवाजावरून मी कुठल्या वळणावर आहे ते मोहसीनभाईंना सांगत होते. माझा नंबर मधेच कुठेतरी आला. तिसऱ्या वळणाला गिअर उशिरा टाकलास, एवढंच मामा म्हणाले, आणि ते खरं होतं.

परत आल्यावर मी जुना सराव नव्या चाकांना बेतून पुन्हा गाडीत घालायला बसले. मामा शेजारी स्टूल घेऊन बसले. सगळं पूर्वीसारखं करू का, मी विचारलं. त्यांनी मान हलवली.

"रस्त्याला कळू देऊ नको," ते म्हणाले. "मला कळू दे."

तसं कुणी आजवर मागितलं नव्हतं. करायला मला दोन दिवस लागले. हाताची थरथर तारेवरून चाकांपर्यंत जायची नाही, तिथे सराव तिला अडवणार. ब्रेकलाही तो मदत करणार. पण स्टीअरिंगमागची मोटर आता उलटा धक्का देणार नव्हती. हात जसा असेल तसा मामांना कळणार होता. पहिल्यांदा बसले तेव्हा ते थोडा वेळ नुसते स्टीअरिंग धरून राहिले. मग म्हणाले, हां, आता खरं बोलतीया.

त्यानंतर वर्षभर दर बुधवारी, शहराची वेस ओलांडली की, मामा मला डावीकडे बसवून केर्लीपर्यंत गाडी काढायचे. फाट्यावर चहा प्यायचा आणि परत. कधी हात शांत असायचा, कधी नसायचा. ते मला सांगायचे, आज जरा जास्त हाय, किंवा आज गोळी लागू पडलीया, रस्त्याबद्दल बोलावं तसं. एखाद्या बुधवारी ते मला वर डोंगरावर न्यायचे आणि कठड्यापाशी थांबून नुसतं पन्हाळ्याकडे बघायचे.

मागच्या बुधवारी चहा झाला. मामा गाडीत बसले, गाडी सुरू केली, गुऱ्हाळाचा वास आला. त्यांनी दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. मी त्यांच्या हातांकडे बघायचं नाही असं ठरवलेलं असतं, म्हणून समोर बघत होते. गाडी हलेना. मग त्यांनी इंजिन तसंच चालू ठेवून दार उघडलं, उतरले आणि पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले. येताना त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला.

त्यांनी माझं दार उघडलं. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "गाडी बरी हाय."

मी उजवीकडे सरकले.